मायकेल फॅरेडेच्या वह्या



गृहपाठ झाला का, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरी रोज संध्याकाळी एकदा तरी विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा हो असेच येते. दप्तर बंद होते आणि विषय संपतो. पण गृहपाठ झाला म्हणजे शिकणे झाले का? सेकंडरी शाळेत गेलेल्या मुलांना हा फरक लवकरच जाणवू लागतो. वहीत सगळे लिहिलेले असते, पण परीक्षेत काही आठवत नाही. मग मुलांना वाटते, आपल्याला डोकेच नाही. आईबाबांना वाटते, आणखी एक शिकवणी लावावी.

म्हणून या अंकासाठी आम्ही अशा एका मुलाचे चरित्र निवडले आहे, ज्याला या वयात गृहपाठ देणारी शाळाच नव्हती. शिकवणी लावण्याइतके पैसे घरात नव्हते. त्याचे नाव मायकेल फॅरेडे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही ते ऐकले असेल. १९९१ ते २००१ या काळात इथल्या वीस पौंडांच्या एका नोटेवर त्याचे चित्र होते. तुमच्या आईबाबांपैकी काहींना ती नोट आठवतही असेल. त्याने लावलेले शोध शाळेत शिकवतात. तो अभ्यास कसा करत असे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आम्हाला तेच सांगायचे आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी न्यूइंग्टन बट्स येथे झाला. तेव्हा ते लंडनच्या दक्षिणेला शहराबाहेर होते. आज तो भाग एलिफंट अँड कासल स्टेशनजवळ, अगदी भर शहरात आहे. वडील जेम्स हे लोहार होते. त्यांची प्रकृती सतत बिघडलेली असे, त्यामुळे कामाचे खाडे होत. घरात चार मुले. पुढे हे कुटुंब टेम्स नदी ओलांडून मँचेस्टर स्क्वेअरजवळ, घोडागाड्या ठेवण्याच्या जागेवरच्या खोल्यांत राहायला आले. १८०१ साली धान्य फार महागले. तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलला आठवड्याला पावाचा एक लोफ मिळे आणि तोच त्याला आठवडाभर पुरवावा लागे.

शाळेत तो थोडेसे वाचन, लेखन आणि साधी गणिते शिकला. तेवढेच त्याचे शालेय शिक्षण. लहानपणी त्याला र म्हणता येत नसे. असे सांगतात की मोठा भाऊ रॉबर्ट याचे नाव त्याला नीट घेता येईना, म्हणून शाळेतल्या बाई चिडल्या. त्यांनी रॉबर्टलाच अर्धा पेनी देऊन मायकेलसाठी छडी विकत आणायला पाठवले. रॉबर्टने तो अर्धा पेनी भिंतीपलीकडे फेकून दिला आणि सरळ घरी जाऊन आईला सांगितले. आईने दोघांनाही त्या शाळेतून काढून घेतले. आपल्या वर्गात ज्यांची जीभ ळ आणि ण या अक्षरांवर अडखळते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. हाच मुलगा पुढे लंडनमधल्या सर्वांत नावाजलेल्या वक्त्यांपैकी एक झाला.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. त्या वेळी वर्तमानपत्र महाग असे, म्हणून लोक ते काही वेळापुरते भाड्याने घेत. मायकेलने सकाळी ते घरोघर पोहोचवायचे, थोड्या वेळाने परत आणायचे आणि पुढच्या घरी न्यायचे. पुढच्याच वर्षी रीबो यांनी त्याला सात वर्षांसाठी पुस्तकबांधणीचे काम शिकायला ठेवून घेतले. अशा उमेदवारीसाठी एरवी मालकाला पैसे द्यावे लागत. मायकेलचे काम चोख होते, म्हणून रीबो यांनी त्याच्याकडून काही घेतले नाही.

आता विचार करा. तुमच्याएवढा मुलगा दिवसभर पुस्तके शिवतो, डिंक लावतो, कातडी पुठ्ठे चढवतो. त्याच्या हाताखालून रोज कितीतरी पुस्तके जात. मायकेलने ती नुसती बांधली नाहीत, तो ती वाचू लागला. रीबो भला माणूस होता. काम संपल्यावर मुलाने पुस्तक उघडले तर तो रागावत नसे. पण हाताशी पुष्कळ पुस्तके असणे म्हणजे अभ्यास नव्हे. तसे असते तर आज प्रत्येक फोनमध्ये जगातली सगळी पुस्तके आहेत आणि आपण सगळेच पंडित झालो असतो. मायकेल आज हे वाच, उद्या ते वाच असे करत राहिला असता, तर त्याचे नाव आपण ऐकलेही नसते.

याच सुमारास आयझॅक वॉट्स नावाच्या लेखकाचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले. आपल्या मनाची वाढ आपणच कशी करावी, हा त्याचा विषय. १७४१ साली छापलेले, म्हणजे तेव्हाही जुनेच पुस्तक. त्यात शिकण्याच्या पाच वाटा सांगितल्या होत्या: स्वतः निरीक्षण करणे, वाचणे, जाणकारांची व्याख्याने ऐकणे, इतरांशी बोलणे आणि या सगळ्यावर शांतपणे विचार करणे. असा उपदेश ऐकून आपण सगळेच मान डोलावतो. मायकेलने तो एक एक करून अमलात आणला.

पहिली सवय वहीची. १८०९ साली, अठरा वर्षांचा असताना, त्याने वर्तमानपत्रांतून, मासिकांतून आणि पुस्तकांतून जे जे विज्ञानाचे वाचले त्याची टिपणे एका वहीत काढायला सुरुवात केली. त्या वहीला त्याने ऐटदार नावही दिले होते. मायकेलची स्मरणशक्ती चांगली नव्हती. ती आपल्याला दगा देते अशी तक्रार त्याने आयुष्यभर केली. वही ठेवण्याचे कारणच ते होते. ज्याला वाटते माझ्या सगळे लक्षात राहील, तो लिहीत नाही आणि विसरतो. ज्याला आपली उणीव ठाऊक असते, तो लिहितो.

दुसरी सवय पडताळून पाहण्याची. ब्रिटानिका विश्वकोशाचा एक खंड दुकानात बांधणीसाठी आला होता. त्यात विजेवर मोठा लेख होता. तो वाचून मायकेलने काचेची बाटली वापरून घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र स्वतः बनवले. मग जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याला मिळाले. त्यात एक शिक्षिका दोन मुलींशी गप्पा मारत रसायनशास्त्र समजावून सांगते. मायकेलने त्यातले जे प्रयोग आठवड्याच्या काही पेनींत करता येण्याजोगे होते ते करून पाहिले. पुस्तकात लिहिले आहे तसेच घडते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा पुस्तकावर विश्वास बसला. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही मार्सेटबाईंचे आपल्यावर केवढे उपकार आहेत हे तो सांगत असे.

तिसरी सवय आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. १८१० साली फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात त्याला एक जाहिरात दिसली. जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी आठ वाजता विज्ञानावर व्याख्याने देत. प्रवेश एक शिलिंग. बांधणीचे काम शिकणाऱ्या मुलाजवळ शिलिंग कुठला? रॉबर्ट आता वडिलांसारखाच लोहारकाम करत होता. छडीचा अर्धा पेनी फेकून देणाऱ्या या भावाने व्याख्यानाचे शिलिंग मात्र आपल्या कमाईतून दिले. पुढच्या दीड वर्षात मायकेलने अशी डझनभर व्याख्याने ऐकली.

ती त्याने कशी ऐकली, ते नीट पाहा. व्याख्यान चालू असताना तो फक्त मुद्दे, पदार्थांची नावे आणि प्रयोगांची शीर्षके टिपून घेई. घरी आल्यावर तीच टिपणे त्याच क्रमाने, पण जास्त सविस्तर आणि वाचता येतील अशी पुन्हा लिहून काढी. मग त्यांच्या आधाराने सगळे व्याख्यान कच्चे लिहून पाही. शेवटी आकृत्यांसह पक्की प्रत तयार करी. म्हणजे एकच व्याख्यान चार वेळा त्याच्या हाताखालून जाई. आकृत्या बऱ्या जमत नव्हत्या, तेव्हा रीबो यांच्या घरी राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो चित्रकला शिकला. बदल्यात तो त्याची बारीकसारीक कामे करून देई. शेवटी टेटम यांच्या व्याख्यानांची टिपणे त्याने स्वतःच्या हाताने चार खंडांत बांधली आणि ती रीबो यांना अर्पण केली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. चार वेळा लिहिणे म्हणजे चार वेळा उतरवून काढणे नव्हे. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवताना हात चालतो, पण डोके झोपलेले असते. मायकेलकडे पहिल्या कागदावर फक्त शब्द असत. त्या शब्दांमधली वाक्ये त्याला स्वतः आठवून आणि स्वतः जुळवून लिहावी लागत. जिथे जुळत नसे, तिथे आपल्याला काय समजले नाही ते त्याला त्याच रात्री कळे. ते परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा त्याच रात्री कळलेले केव्हाही बरे. आम्ही संगणकाच्या प्रोग्रॅमचे काम करतो. त्यातही हाच अनुभव येतो. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. कोरा पडदा समोर घेऊन तोच स्वतः लिहायला बसले की नेमके काय समजले नव्हते ते उघडे पडते.

चौथी सवय मित्रांची. टेटम यांच्या व्याख्यानांना त्याच्यासारखी आणखी काही तरुण मुले येत. त्यांत बेंजामिन ॲबट आणि एडवर्ड मॅग्राथ हे दोघे त्याचे जवळचे मित्र झाले. ॲबटचे शिक्षण मायकेलपेक्षा बरेच चांगले झाले होते. १८१२ च्या जुलैपासून मायकेल त्याला लांबलचक पत्रे लिहू लागला. दोघे एकाच शहरात राहत आणि भेटतही असत. तरीही तो पत्रे लिही, कारण विचार नीट मांडण्याचा सराव त्याला हवा होता. आज कोणता प्रयोग केला, काय झाले, काय समजले नाही, हे सगळे त्या पत्रांत असे. मॅग्राथने त्याचे व्याकरण, शुद्धलेखन आणि विरामचिन्हे सुधारण्याचे काम अंगावर घेतले. पुढे कित्येक वर्षे ही मंडळी आठवड्यातून एकदा संध्याकाळी जमत, मोठ्याने वाचत आणि एकमेकांच्या चुका काढत. चुका काढणारा मित्र आपल्याला आवडत नाही. मायकेलने तो शोधून ठेवला होता.

आता त्याच्या आयुष्याला वळण कसे मिळाले ते सांगतो. दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स नावाच्या गृहस्थांना या मुलाच्या अभ्यासाचे कौतुक वाटले. त्यांनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. १८१२ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मायकेलने त्यांची चार व्याख्याने गॅलरीत घड्याळाच्या वर बसून ऐकली, आणि आपल्या पद्धतीने लिहून काढली. तीनशेहून अधिक पाने भरली. तीही त्याने स्वतः बांधली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची सात वर्षे संपली आणि तो दुसऱ्या एका मालकाकडे पगारी बांधणीकार म्हणून लागला. तिथे त्याचे मन रमेना. वडील १८१० मध्येच वारले होते, म्हणून कमाई सोडणे शक्य नव्हते. विज्ञानाशी संबंधित कुठलेही काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. उत्तरच आले नाही. मग डिसेंबरमध्ये त्याने डेव्हींना पत्र लिहिले आणि सोबत ती बांधलेली वही पाठवली. डेव्हींनी त्याला भेटायला बोलावले, पण जागा रिकामी नव्हती. विज्ञानात पैसा नाही, पुस्तकबांधणी सोडू नकोस, असा सल्लाही त्यांनी दिला. थोड्याच आठवड्यांत इन्स्टिट्यूशनमधल्या मदतनिसाने मारामारी केली म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. डेव्हींना तो वहीवाला मुलगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी मायकेलची प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या.

यात नशिबाचा भाग नाही का? आहे. तिकिटे देणारे डान्स भेटले नसते, ती मारामारी झाली नसती, तर कदाचित ही संधी आली नसती. पण नशिबाने दार उघडले तेव्हा त्याच्या हातात वही तयार होती. दार उघडल्यावर वही लिहायला घेणाऱ्याचा काही उपयोग नसतो.

इथून पुढे आम्ही मायकेलला अहोजाहो म्हणणार आहोत. मराठीत माणूस मोठा झाला की क्रियापदही बदलते, हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात.

१८१३ च्या ऑक्टोबरपासून दीड वर्ष फॅरेडे डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासाला गेले. प्रवासात त्यांना नोकराची कामेही करावी लागली आणि लेडी डेव्हींनी त्यांना वागवलेही तसेच. तरीही तेवढ्या काळात ते फ्रेंच आणि इटालियन शिकले, फ्रान्स आणि इटलीतल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना भेटले आणि रोजनिशी लिहीत राहिले. परत आल्यावर ते स्वतः व्याख्याने देऊ लागले. बोलणे सुधारावे म्हणून १८१८ साली पैसे भरून वक्तृत्वाच्या वर्गालाही गेले. पुढे व्याख्यान देताना त्यांचा साहाय्यक त्यांच्यासमोर पुठ्ठ्याच्या पाट्या धरी: घाईने बोलू लागले की सावकाश अशी, आणि तास संपत आला की वेळ अशी. जाणता माणूसही आपल्या चुका दाखवणारी पाटी समोर ठेवून घेतो, हे आम्हाला फार शिकण्यासारखे वाटते.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे वळू. विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते हे १८२० पासून ठाऊक होते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? १८२४, १८२५ आणि १८२८ अशा तीन वर्षी फॅरेडे यांनी त्यासाठी प्रयोग केले. तिन्ही वेळा काही घडले नाही. काही घडले नाही, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे. पहिल्या तारेला बॅटरी जोडली, त्या क्षणी दुसऱ्या तारेजवळची सुई हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली. वीज नुसती वाहत असताना सुई गप्प होती; बदल होतानाच ती हलत होती. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ गुंडाळीत लोहचुंबक झटकन आत सरकवला, आणि वीज निर्माण झाली. वीजकेंद्रातली प्रचंड जनित्रे आणि रस्त्याकडेचे ट्रान्सफॉर्मर आजही याच तत्त्वावर चालतात. पहिल्या नजरेत सुईची ती बारीकशी हालचाल निसटून गेली असती. वर्षानुवर्षे प्रत्येक गोष्ट टिपून घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून ती निसटली नाही.

१८३२ पासून त्यांनी आपल्या प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायला सुरुवात केली. १८६० नंतर ते काम थांबले तेव्हा क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेला होता. क्रमांक असल्यामुळे जुनी नोंद लगेच सापडे आणि नव्या नोंदीत तिचा उल्लेख करता येई. स्मरणशक्ती कच्ची असलेल्या माणसाने कागदावर दुसरी स्मरणशक्ती उभी केली होती.

मुलांनो, आता चरित्राचा असा भाग येतो की जो मोठ्या माणसांच्या गोष्टींत बहुधा गाळला जातो. १८३० नंतरची जवळजवळ दहा वर्षे फॅरेडे यांनी अतोनात काम केले. पाहुण्यांना भेटण्याचे दिवस त्यांनी कमी केले, मेजवान्यांची आमंत्रणे नाकारली. शेवटी १८३९-४० च्या सुमारास शरीराने संप पुकारला. डोके दुखे, गरगरे, काही आठवत नसे. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितले. ४९ वर्षांचे फॅरेडे १८४१ साली पत्नी सारा हिच्यासह स्वित्झर्लंडला गेले. तिथे प्रयोग नाही, व्याख्यान नाही. डोंगरांतून चालायचे, धबधबे आणि वादळे पाहायची, रोजनिशी लिहायची. एका दिवशी तर ते ४५ मैल चालल्याची नोंद आहे. म्हणजे पाय धडधाकट होते, थकले होते ते डोके. पूर्ण बरे वाटायला आणखी काही वर्षे गेली. पण १८४५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध दाखवणारा आणखी एक मोठा शोध लावला. विश्रांती घेतल्याने अभ्यास मागे पडला नाही. ती घेतली नसती तर कदाचित पुढचा अभ्यासच झाला नसता.

एक उणीव मात्र शेवटपर्यंत राहिली. लहानपणी गणित शिकायला मिळाले नाही आणि पुढे ते भरून काढता आले नाही. त्यांच्या लिखाणात समीकरणे जवळजवळ नाहीतच. त्यांच्या कल्पना गणितात मांडण्याचे काम पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी केले. तेव्हा वही चांगली असली म्हणजे गणित नको, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये!

फॅरेडे यांना मुलांची आवड होती. स्वतःचे मूल नव्हते, पण भाच्या-पुतण्यांशी खेळण्यात आणि त्यांना प्राणिसंग्रहालयात नेण्यात त्यांना आनंद वाटे. मुलांसाठी नाताळची व्याख्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडे यांनी ती १९ वेळा दिली. शेवटच्या मालेचा विषय होता मेणबत्ती. एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने! नाताळची ही व्याख्याने आजही होतात आणि टीव्हीवर दाखवतात. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची साधी समाधी आहे.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या मुलांना शाळेचा गृहपाठ आहे, शनिवारी मराठीचा वर्ग आहे, कुणाला पोहणे आहे, कुणाला तबला आहे. त्यांना आणखी तास सापडायचे नाहीत. म्हणून आम्ही तास वाढवायला सांगत नाही. शाळेत जे शिकवले त्यातले एक काही, त्याच दिवशी, पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत अर्धे पान लिहा. दहा मिनिटे पुरतात. जिथे अडाल तिथे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सरांना तेवढेच विचारा. आठवड्यातून एकदा मित्राला किंवा मैत्रिणीला ते समजावून सांगा आणि चुका काढू द्या. मग वही बंद करा आणि झोपा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. रात्री बारा वाजता वाचलेले पान सकाळी आठवत नाही, त्यात डोक्याचा दोष नसतो.

पालकांना एवढीच विनंती की गृहपाठ झाला का असे विचारण्याऐवजी, आज काय शिकलास ते मला सांग, असे म्हणून पाहावे. आपल्याला तो विषय येत नसेल तर फारच उत्तम. न येणाऱ्याला समजावून सांगताना मूल अधिक शिकते. आणि ते मराठीत सांगू लागले तर आपल्या शनिवारच्या वर्गाचा गृहपाठही त्यातच होऊन जाईल. शेजारच्या मुलाचे मार्क मात्र त्या गप्पांत आणू नयेत. मायकेलच्या आईने मुलगा बोबडा आहे म्हणून त्याची कुणाशी तुलना केली नाही, त्याला छडीपासून वाचवले. रॉबर्टने शिलिंग दिले. रीबोने पुस्तक उघडू दिले. बाकीचे मायकेलने स्वतः केले.

सुट्टीत जमल्यास मुलांना ब्लँडफर्ड स्ट्रीटला न्यावे. रीबोच्या दुकानाच्या जागी मायकेल इथे काम शिकत होता असे सांगणारी पाटी भिंतीवर आहे. तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर आल्बेमार्ल स्ट्रीटला रॉयल इन्स्टिट्यूशन आहे. १८३१ चे ते लोखंडी कडे तिथे जपून ठेवले आहे, आणि एकवीस वर्षांच्या मुलाने डेव्हींना पाठवलेली ती वहीसुद्धा. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा विचारून घ्याव्यात.

आणि हो, पुढच्या शनिवारसाठी गृहपाठ: या आठवड्यात शाळेत शिकलेली एक गोष्ट, पुस्तक मिटून, मराठीत, अर्धे पान. शुद्धलेखनाच्या चुका चालतील. त्या काढायला वर्गातले मित्र आहेतच.

— वर्गातील एक पालक